पडदा बघायला गेलेल्या दोघी

मखमलीच्या कारखान्यात तिला तोंडावर सगळे 'मुकादमबाई' म्हणत आणि पाठीमागे 'भोंगा'. पाठीमागचं नाव तिला ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्यात खोटं काही नव्हतं. अठ्ठेचाळीस यंत्रमाग एका वेळी धडधडत असताना शेडच्या या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसाला "सूत तुटलंय!" असं सांगणं फक्त तिलाच जमायचं. बाकीचे हातवारे करत, नाहीतर एकमेकांच्या ओठांवरून बोलणं ओळखत. एकदा कारखान्याचा खराखुरा भोंगा बिघडला, तेव्हा पाळी सुटल्याची वर्दी तिनेच तीन दिवस फाटकात उभं राहून दिली होती. चौथ्या दिवशी दुरुस्त झालेला भोंगा वाजला, तर शेजारच्या गल्लीतली पोरं विचारायला लागली, "आज भोंग्याला सर्दी झालीय का?"

पण तो आवाज नुसता चेष्टेचा विषय नव्हता. एका कामगाराची बाही एकदा मागाच्या फिरत्या रुळाकडे ओढली जात होती. तो पाठमोरा, दुसऱ्याशी खुणांनी बोलण्यात गुंग. मुकादमबाई तीस मागांपलीकडे. तिने तिथूनच "हात!" अशी आरोळी ठोकली. त्याने हात हिसडला. बाही गेली, हात राहिला. तो माणूस आजही जिन्यात भेटला की काही न बोलता उजवा हात वर करतो.

ही गोष्ट तिने घरी कधी सांगितली नव्हती. घरी आवाजाचा विषयच नको असायचा.

घरी तिघं. ती, तिचा पोस्टातून निवृत्त झालेला नवरा आणि तिची आई. आई ऐंशीची, काटक, आणि बोलणं असं की समोरच्याने श्वास रोखून धरावा. लग्नाआधी तापात गळा गेला, तेव्हापासून कुजबुजतेच, ही घरातल्या सगळ्यांची पक्की माहिती. शेजारची पोरं तिला 'हळू आजी' म्हणत. भाजीवाल्याशी घासाघीस करायची तर ती त्याच्या कानाला लागायची, आणि तो बिचारा कानाला गुदगुल्या झाल्या म्हणून भाव उतरवायचा.

अशा बाईच्या पोटी अशी पोर. लहानपणी हिने अंगणातून "आई गं!" अशी हाक मारली, की आई पळत येऊन दंडाला चिमटा काढायची. दंडाच्या आतल्या बाजूला, बाहेरून दिसणार नाही असा. "हळू," एवढंच म्हणायची. शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाई म्हणायच्या, "तू नुसते ओठ हलव." लग्न ठरताना मावशीने बजावलं होतं, "ते बघायला येतील तेव्हा मान हलवूनच उत्तर दे." तिने तेही केलं. पहिल्यांदा तिचा आवाज ऐकला तो नवऱ्याने लग्नाच्या दुसऱ्या दिवशी, आणि हातातली बादली खाली ठेवून तो म्हणाला होता, "कोण आलंय?"

तर सांगायची गोष्ट अशी, की शहरातल्या ऑपेरा हाऊसचा जुना पडदा जीर्ण झाला आणि नव्या पडद्याच्या मखमलीचं काम या कारखान्याला मिळालं. गडद लाल, जड, दाट लवेची मखमल. अकरा आठवडे दोन माग फक्त त्याच कामाला लावले होते आणि दोन्ही मुकादमबाईच्या नजरेखाली. ती रोज सकाळी कापडावरून उलटा तळहात फिरवून बघायची. लव कुठे विरळ लागली तर तिला बोटांपेक्षा हाताच्या पाठीला आधी कळायचं. शेवटचा तागा गेला त्या दिवशी तिला मुलगी सासरी पाठवल्यासारखं झालं.

महिन्याभराने मालकांनी बोलावून एक पाकीट दिलं. नव्या पडद्याचा पहिला खेळ, रविवारी दुपारी तीन वाजता. दोन तिकिटं, पुढून सहावी रांग.

"ऑपेरा म्हणजे नक्की काय हो?" तिने घरी नवऱ्याला विचारलं. त्याने आयुष्यभर दुसऱ्यांची पत्रं वाटली असल्यामुळे आपल्याला जगातलं सगळं माहीत आहे, असा त्याचा समज होता.

"नाटकच असतं. पण बोलायची सोय नाही. चहा पाहिजे असला तरी गाऊन मागायचा. तोही परक्या भाषेत."

"तुम्ही येता?"

"तीन तास बाईमाणूस वरच्या पट्टीत ओरडणार आणि मला एक अक्षर कळणार नाही. ते मला घरी बसल्या मिळतं."

"मी गाणं बघायला जात नाहीये. पडदा बघायला जातेय."

"मग आईंना घेऊन जा. त्यांनाही पडदा कळतो, आणि त्या मधे बोलणार नाहीत."

आईला विचारलं तर आधी ती नको म्हणाली. मग पडदा लेकीच्या हाताखालचा म्हणून तयार झाली. ठेवणीतली राखाडी साडी तिने रात्रीच उशाखाली घडी घालून ठेवली.

ऑपेरा हाऊसमध्ये शिरल्यावर मुकादमबाईने छताकडे पाहिलं नाही, सोनेरी सज्जांकडे नाही, झुंबराकडेही नाही. तिची नजर सरळ पडद्यावर गेली.

"अगं आई गं!"

पुढच्या चार रांगा वळल्या. आईचा हात सवयीने तिच्या दंडाकडे गेला.

"तिसरा पट्टा बघ," ती आवाज दाबून म्हणाली. तिचा दाबलेला आवाज म्हणजे इतरांचं बोलणं. "लव उलटी! शिवणाऱ्यांनी कापड उलटं जोडलंय. बाकीचे पट्टे कसे काळसर दिसतात आणि हा कसा चकाकतोय बघ. अकरा आठवडे, आई! अकरा आठवडे मी जिवाचं रान केलं आणि यांनी वरचं खाली केलं!"

शेजारच्या खुर्चीवर काळ्या कोटातले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांनी चष्मा सावरून पडद्याकडे पाहिलं. "मला तर एकसारखाच दिसतो, बाई."

"तुम्हाला दिसणारच. तुम्ही तो विणलेला नाही."

ती अजून काही बोलणार, तेवढ्यात दिवे मंद झाले, रंगमंचापुढच्या वादकांच्या खड्ड्यातून वाद्यं एकदम उठली आणि तिचा पडदा, उलट्या लवेच्या पट्ट्यासकट, सरसर वर जाऊन दिसेनासा झाला. ज्यासाठी आलो ते चार मिनिटांत आटोपलं! आता तीन तास करायचं काय, हा प्रश्न तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होता.

रंगमंचावर एक बंदर होतं. माणसं येत होती, जात होती. वर एका पट्टीवर आपल्या भाषेत अक्षरं उमटत होती, म्हणून गोष्ट कळत होती. एक खलाशी दूरच्या सफरीला निघालाय आणि त्याच्या बायकोला तो परत येणार नाही असं वाटतंय. खलाशी गायला. बरा होता. चार जण मिळून गायले. तेही बरे होते. मुकादमबाईच्या मनात अजून शिवणाऱ्यांशी भांडण चालू होतं.

मग ती बायको आली. पन्नाशीची, चांगली भरल्या अंगाची, रुंद खांद्यांची बाई. कारखान्यात असती तर गासड्या उचलायला लावली असती. ती पुढे येऊन उभी राहिली, हात सोडले आणि तोंड उघडलं.

मुकादमबाई खुर्चीत मागे रेटली गेली. दुसरं काय म्हणावं? तो आवाज कानात शिरलाच नाही, तो छातीवर आदळला. खाली साठ-सत्तर वाद्यं वाजत होती आणि ही बाई त्यांच्यावरून, मागांच्या धडधडीवरून हाक जावी तशी, सहज पलीकडे जात होती. पण त्यात ओरडणं नव्हतं. मानेच्या शिरा ताणलेल्या नव्हत्या. चेहरा शांत. आवाज मोठा आणि तरी मऊ. मखमलीवरून उलटा हात फिरवल्यावर लागते तशी त्याला लव होती.

तिने भिंतींकडे पाहिलं, सज्जांखाली पाहिलं, रंगमंचाच्या कडांना पाहिलं. मग न राहवून शेजारच्या गृहस्थांकडे झुकली.

"स्पीकर कुठे लपवलेत हो?"

"स्पीकर नाहीत."

"मग माइक कुठेय? केसांत?"

"इथे माइक वापरत नाहीत, बाई. हा तिचा गळा आहे."

"नुसता?"

"नुसता."

 बाराशे माणसं. शेवटच्या सज्जात, छताला टेकलेली माणसंही पुढे झुकून ऐकत होती. कुणी कानावर हात ठेवला नव्हता. कुणी 'हळू' म्हणत नव्हतं. एका बाईने पोटातून मोठ्ठा आवाज काढावा म्हणून लोकांनी तिकिटं काढली होती, कपड्यांना इस्त्री केली होती! म्हणजे जगात अशी एक जागा होती तर. आणि ती इथे होती, आपल्या घरापासून बसने पाऊण तासावर. आपण चोपन्न वर्षांच्या आहोत आणि हे आपल्याला कुणी सांगितलं नाही. तिला आनंद झाला नाही, हे मुद्दाम सांगायला हवं. तिला धक्का बसला, आणि धक्क्याच्या मागोमाग असा राग आला की तिने ओठ घट्ट मिटून घेतले.

अंक संपत आला. जहाज सुटलं. ती बाई धक्क्याच्या कठड्यावर चढली आणि तिने नवऱ्याला हाक मारली. पट्टीवर अक्षरं आली, 'वळ. एकदा तरी मागे वळून बघ.' तीच ओळ ती पुन्हा पुन्हा गात राहिली, दर वेळी जास्त वर, जास्त मोठ्याने. खलाशी पाठ करून उभा. वळलाच नाही. अंधार झाला.

टाळ्यांच्या कडकडाटात तिला आईची कुजबुज ऐकू आली.

"बरं झालं, वळला नाही."

तिने आईकडे पाहिलं. दिवे लागत होते. आईचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता आणि हातातला रुमाल पिळून दोरीसारखा झाला होता.

"आई? बरं वाटत नाहीये का? बाहेर जाऊ या?"

बाहेरच्या लांबलचक दालनात भिंतीला लागून बाक होते. लोक कपात चहा-कॉफी घेऊन घोळक्यांनी उभे होते. तिने आईला बसवलं, पाणी आणून दिलं. आईने दोन घोट घेतले आणि पेल्यात बघत म्हणाली, "मला ताप कधी आलाच नव्हता."

"कुठला ताप?"

"गळा गेला तो. तसं काही झालंच नव्हतं."

मुकादमबाईला आधी वाटलं, म्हातारीला भ्रम झाला. पण आई बोलत राहिली, त्याच कुजबुजीत, एकसुरी, पाठ केलेलं म्हणून दाखवावं तसं.

"मला धाकटा भाऊ होता, हे तुला माहीतच आहे. तू जन्मायच्या आधी गेला तो. घरांवर कौलं घालायचा. सतरा वर्षांचा. मी एकोणीसची. मी त्याला दुपारचा डबा द्यायला गेले होते. तीन मजली घर. तो वरती, माझ्याकडे पाठ करून. मी रस्त्यावरूनच हाक मारली. जिन्याने वर जायचा कंटाळा केला मी. माझी हाक अख्ख्या आळीला जायची तेव्हा. तुझ्यापेक्षाही मोठा होता माझा आवाज." ती थांबली. "तो वळला."

दालनात कुणीतरी खळखळून हसलं. कप वाजले.

"कुणी मला बोल लावला नाही. आईनेही नाही. पाय घसरला, असंच सगळे म्हणाले. मी हाक मारली होती, हे मी कुणाला सांगितलंच नाही. दुसऱ्या दिवशी बोलायला तोंड उघडलं तर आवाज येईना. मग येईल असं वाटायला लागलं, तेव्हा मीच येऊ दिला नाही. लग्नात सगळ्यांना सांगितलं, तापात गेला. तुझ्या बाबांना पण तेच."

  बाबा जाऊन पंधरा वर्षं झाली होती. बेचाळीस वर्षं त्या माणसाने या बाईशी संसार केला आणि तिचा आवाज न ऐकताच गेला.

मुकादमबाईने विचारलं, "म्हणून मला चिमटे काढायचीस?"

"तू हाक मारलीस की माझं काळीज लटलटायचं. वाटायचं, आता कोण वळेल, आता कोण पडेल."

"मला वाटायचं तुला माझी लाज वाटते." बोलता बोलता तिचा आवाज चढला आणि जवळचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. तिने पर्वा केली नाही. "शाळेत नुसते ओठ हलवले मी! चौघांत तोंड उघडायचं म्हटलं की दंड आपोआप आखडतो माझा, अजून!"

"लाज नव्हती गं. भीती होती."

मग मुकादमबाईने आईला त्या बाहीची गोष्ट सांगितली. रूळ, तीस माग, "हात!" ही आरोळी, आणि तो माणूस. आई ऐकत होती.  शेवटी एवढंच म्हणाली, "वळला?"

"नाही. हात काढला. आधी हात काढला, मग वळला."

आई पुटपुटली, "आधी हात काढला." घंटा वाजली. लोक आत निघाले. घरी जायचं का, असं तिने विचारलं तर आईने मान हलवून नाही म्हटलं आणि उठून तीच पुढे चालायला लागली.

दुसऱ्या अर्ध्यात काय झालं, हे मुकादमबाईला विचारू नका. खलाशी परत आला की नाही, ती बाई मेली की जगली, तिने काही पाहिलं नाही. ती आईकडेच बघत बसली होती. आईचा गळा हलत होता. रंगमंचावरची बाई श्वास घ्यायची तेव्हा आईची छाती भरायची, ती सोडायची तेव्हा आईचीही रिकामी व्हायची. पाणी पाहिल्यावर पोहणाऱ्या माणसाचे हात हलावेत तसं काहीतरी.

खेळ संपला. पडदा खाली आला, पुन्हा वर गेला, आणि नट-नट्या ओळीने पुढे आल्या. ती रुंद खांद्यांची बाई मधोमध येऊन वाकली तशी सगळी माणसं उभी राहिली. टाळ्या, शिट्ट्या, ओरडा. सज्जांतून कुणी काय, कुणी काय ओरडत होतं. काळ्या कोटातले गृहस्थही हात तोंडाशी नेऊन शाळकरी पोरासारखे ओरडले.

आणि त्या सगळ्या कल्लोळातून एक आवाज वर आला.

शब्द नव्हता त्यात. नुसता लांब, उघडा 'आ'. सुरुवातीला गंजलेल्या बिजागरीसारखा करकरला, मग मोकळा झाला आणि चढत गेला. आसपासच्या टाळ्या थांबल्या. मुकादमबाईने आधी मागे पाहिलं, मग वर सज्जात पाहिलं. आवाज ओळखीचा वाटत होता. अगदी घरचा. आपणच तर ओरडत नाही ना, म्हणून तिने स्वतःच्या ओठांना हात लावला. ओठ मिटलेले होते.

तेव्हा तिने शेजारी पाहिलं.

आई पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून उभी होती. मान ताठ. डोळे मिटलेले. तोंड पूर्ण उघडं. एवढ्याशा देहातून तो आवाज निघत होता आणि थेट छतापर्यंत जात होता.

 मुकादमबाई खुर्चीत बसली ती बसलीच. एका छपराखाली, एका स्वयंपाकघरात, आजारपणात, बाळंतपणात, बाबांच्या शेवटच्या दिवशीसुद्धा जो ऐकला नव्हता, तो हा आपल्या आईचा आवाज. सगळं घर तिच्या आवाजाबद्दल 'कुणावर गेलीय कोण जाणे' म्हणत आलं होतं. घ्या, कळलं.

रंगमंचावरची बाई वाकली होती, ती सरळ झाली. दिव्यांमुळे तिला नीट दिसत नसावं. तिने डोळ्यांवर हात धरून सहाव्या रांगेकडे पाहिलं आणि मग दोन्ही हात छातीशी नेऊन त्या दिशेने, एकट्या त्या दिशेने, पुन्हा एकदा वाकली.

आईचा श्वास संपला. ती खाली बसली, पदराने तोंड पुसलं आणि कुजबुजली, "घसा कोरडा पडला."

 घरी पोचल्यावर नवऱ्याने उत्साहाने विचारलं, "काय, कसा होता पडदा?" मुकादमबाईने त्याच्याकडे असं पाहिलं की त्याला वाटलं, बहुतेक पडदा पडला आणि कुणीतरी दगावलं. आई आपल्या खोलीत गेली. तो चहाचा कप घेऊन उभा, आणि तेवढ्यात आतून गडगडल्यासारखा आवाज आला, "पाणी गरम करायला ठेव गं!"

कप गेला फरशीवर.

"तू तर इथे आहेस," नवरा म्हणाला. "मग आत कोण आहे?"

त्याला सगळं सांगितलं.  नंतरच्या दिवसांत चारचौघांत वाट्टेल ते बोलणारा हा माणूस या गोष्टीबद्दल मात्र बाहेर एक शब्द बोलला नाही.

पण आई काही त्या दिवसापासून खणखणीत बोलायला लागली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा कुजबुजत होती. मुकादमबाईने दोन-तीनदा छेडून पाहिलं. "साठ वर्षांची सवय आहे," आई म्हणाली. "सुटेल तेव्हा सुटेल." तिने मग विषय काढला नाही. ऑपेरा हाऊसला मात्र तिने कारखान्याच्या कागदावर पत्र लिहून तिसऱ्या पट्ट्याची लव उलटी असल्याचं कळवलं. त्यांचं उत्तर आलं, की अशी तक्रार करणाऱ्या आपण पहिल्याच.

दीड महिन्याने एकदा सूत आलं नाही म्हणून पाळी लवकर सुटली. मुकादमबाई भर दुपारी घरी आली. नवरा बाहेर गेलेला. ती दुसऱ्या मजल्याच्या वळणावर पोचली आणि थांबली. वरून, बंद दारातून, हाक ऐकू येत होती. एकच नाव, दोन अक्षरांचं. ते नाव घरात कधी घेतलं जात नव्हतं, तरी तिला माहीत होतं. आई ते आधी साध्या बोलण्याच्या आवाजात घेत होती. मग थोडं मोठ्याने. मग आणखी मोठ्याने. प्रत्येक हाकेनंतर थांबत होती, कुणी 'ओ' देईल एवढा वेळ, आणि मग पुन्हा.

खालच्या मजल्यावरची बाई दार उघडून बाहेर आली. "काय हो, कोण ओरडतंय?"

"माझी आई आहे," मुकादमबाई म्हणाली. "ओरडू दे."

ती पायरीवर बसली. पिशवी मांडीवर घेतली. हाका थांबून घर शांत व्हायला बराच वेळ लागला. त्यानंतरही ती आणखी थोडा वेळ बसली, आणि मग वर जाताना मुद्दाम चपला वाजवत गेली.